पायाकडची गाठ

इनायतनं कप्पीची साखळी आणखी दोन हात खाली ओढली, तशी लष्करी कापडाची ती झोळी दोन कडुलिंबांच्या मधे फळीसारखी ताठ झाली. गॅरेजात ज्या कप्पीनं तो ट्रकचं इंजिन उचलायचा, तीच त्यानं सायकलीच्या कॅरियरला बांधून इथं आणली होती. त्यानं झोळीवर टिचकी मारली.

"ऐका दुल्हेभाई, ढोलकी वाजतेय! आता ही इंचभर जरी ढिली पडली तर माझं नाव बदला. चढा."

फारूकनं चपला काढल्या, बिस्मिल्ला म्हटलं, बूड टेकवलं आणि पाय वर घेतले. दुसऱ्या क्षणी झोळी उलटी आणि फारूक पाचोळ्यात पालथा.

"आणखी आवळू का?" इनायतनं मनापासून विचारलं.

त्याचं तरी काय चुकत होतं म्हणा! गॅरेजवाला माणूस तो. पट्टा ढिला, ब्रेक ढिला, नट ढिला, की गाडी त्याच्या दारात उभी. ढिलं म्हणजे बिघडलेलं, एवढंच तो बारा वर्षं शिकला होता. बहिणीच्या नवऱ्याला झोप नाही म्हणून देहूरोडच्या जुन्या लष्करी मालाच्या दुकानातून त्यानं ही झोळी हौसेनं उचलली होती.

आणि झोप तर फारूकला हवीच होती. उस्मानाबादेहून येऊन तो चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेसवर लागला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. तेरा दिवसांनी कायम होणार होता. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पॅडलवर पाय दाबायचा. की धाडकन साचा खाली. पुन्हा पत्रा, हात, पाय. सारा एप्रिल रात्रपाळी. गेल्या आठवड्यात पहाटे त्याची मान लवली, आणि फोरमननं कॉलर धरून मागं ओढलं म्हणून उजव्या हाताची बोटं राहिली.

"आज सोडतो," फोरमन म्हणाला होता. "पुन्हा डुलकी दिसली तर सरळ घरी. मग कायम-बियम विसर."

दिवसा झोपायचं तर कासारवाडीतली दहा बाय दहाची खोली. तीन महिन्यांची झुलेखा रडायची, स्टोव्ह फरफरायचा. बायको गुलशन बिचारी आपल्या परीनं करायची. लेकीच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून भाकऱ्या थापता थापता तिला हलवायची, की बापाला घटकाभर शांतता मिळावी. पण खरा वैरी फारूकचा स्वतःचाच उजवा पाय होता. डोळा लागतो न लागतो तोच तो पाय आपोआप दाबला जायचा. फारूक दचकून उठायचा आणि आधी बोटं मोजायचा. दहा भरली की मग छातीची धडधड ऐकत पडून राहायचा.

"अरं, ती झोळी हाय का वाळवण घालायची दोरी?"

बांधावरून मंजुळाबाई बोलल्या. फारूकची खोली त्यांचीच. हे दोन कडुलिंबही त्यांचेच. बाकीचं शेत कारखान्यांना गेलं आणि हा बांध तेवढा उरला. रोज दुपारी त्या इथं सूप घेऊन बसायच्या आणि सकाळी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायच्या.

"आजी, ताण नको का?" इनायत म्हणाला.

"ताण कशाला? माणूस निजायचाय का इंजान टांगायचंय? सोड ती साखळी आधी."

इनायतनं तोंड कडू करून साखळी सोडली. मंजुळाबाई सूप ठेवून उठल्या आणि मग दोघांची धडगत राहिली नाही. हे टोक सोड, ते बांध. अजून ढील. अजून. झोळीचं पोट खाली आलं, तेव्हा त्यांनी फारूकला तिच्यात नुसतं बसवलं आणि त्याची पावलं जमिनीला टेकतात का ते वाकून पाहिलं.

"आता हितं बरूबर हाय. फकस्त पायाकडची गाठ वीतभर वर घे, न्हाईतर झोपेत खाली घसरंल."

गॅरेजात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. इनायतनं गाठ वर घेतली, कप्पी कॅरियरला आवळली आणि निघाला.

"एवढी ढिली झोळी म्हणजे माझी पुरती बेइज्जती, आजी," जाता जाता तो म्हणाला.

"जा, लई शाना," आजी हसल्या.

फारूक आडवा झाला. पडला नाही, पण कापड दोन्ही बाजूंनी अंगावर मिटलं आणि हनुवटी छातीला लागली.

"सरळ न्हाई निजायचं रं. तिरपं. डोकं या कडंला, पाय त्या कडंला."

त्यानं दोनदा प्रयत्न केला. दोनदा तो पुन्हा मधोमध घरंगळला.

"उतर. दावते."

"आजी, पडाल! गुलशन मला जिवंत ठेवायची नाही."

"चल! जुंधळ्याच्या राखणीला माळ्यावर झोळी बांधून निजायचो आमी. तुजा जलम बी नव्हता तवा."

त्यांनी पदर खोचला, बूड टेकवलं, एक गिरकी घेतली आणि तिरप्या पसरल्या. कापड त्यांच्याखाली चटईसारखं सपाट झालं. फारूक बघतच राहिला.

"बघितलंस? आता हालीव जरा."

त्यानं झोळीच्या काठाला लोंबणारी दोरी धरून हलकेच ओढली.

"शेत व्हतं तवा पाठ टेकली की कोंबडा आरवायचा," मंजुळाबाई वर पानांकडं बघत म्हणाल्या. "आता दिसभर हाताला काम न्हाई, मग राती डोळा कसा लागंल? चार वर्सं झाली बघ. लेकाला सांगितलं तर म्हनतो, आये, आता आराम कर." त्यांनी जांभई दिली. "हितंच भुईमूग असायचा..."

पुढचं वाक्य आलंच नाही. फारूकनं वाट पाहिली. मग वाकून पाहिलं, तर आजींचं तोंड किंचित उघडं होतं आणि श्वास एका लयीत चालला होता.

आता आली का पंचाईत! दोन वाजले होते. रात्री अकराची पाळी, डोळ्यांत वाळू भरल्यागत झालेलं, आणि त्याच्या अंथरुणात घरमालकीण. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. चार वर्सं, त्याला आठवलं. त्यानं तोंड मिटलं. झोळी थांबत आली, तशा आजींच्या पापण्या हलल्या. त्यानं घाईनं दोरी ओढली. पापण्या स्थिरावल्या.

तो झोळीशेजारी बांधाच्या दगडाला टेकून बसला आणि ओढत राहिला. थोड्या वेळानं हात भरून आला. तेव्हा गुलशनची आठवण होऊन त्याला आपलंच हसू आलं. त्यानं दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधली.

पाच वाजता गुलशन झुलेखाला कडेवर घेऊन त्याला उठवायला आली. लांबूनच तिला दिसलं, की झोळीत हिरवं लुगडं आहे, आणि ती चरकली. मियाँ गेला कुठं? आजही झोपला नाही? अकरा वाजता कोणत्या डोळ्यांनी जाणार आहे हा?

ती जवळ आली. फारूक बांधाला टेकून बसला होता. मान एका बाजूला कलंडलेली, हात मांडीवर उघडे पडलेले. तो घोरत होता. आणि त्याचा उजवा पाय आपोआप दाबला जात होता.

गुलशननं श्वास रोखला. आता हा दचकणार, बोटं मोजणार.

पाय दाबला गेला. दोरी ताणली गेली. झोळी आली, गेली. पाय पुन्हा दाबला गेला. फारूकचा हात मांडीवरून हललासुद्धा नाही. सुपातल्या तांदळावर चिमण्या बसल्या होत्या, म्हणजे इथं बराच वेळ कुणी जागं नसावं.

तिनं त्याला उठवलं नाही. अजून सहा तास होते. झुलेखा कुरकुरायला लागली, तशी तिला खांद्यावर टाकून ती हळूच खाली बसली. अंगठ्याची दोरी सैल होऊन नखापर्यंत सरकली होती. गुलशननं ती अलगद मागं घेतली आणि एका हातानं गाठ आवळली.