नाल्याकडचा कोपरा

हे सगळं दोन हजार तेवीस साली सुरू झालं. त्या वर्षी पोळ्यानंतर पावसानं पाठ फिरवली, सोयाबीनच्या शेंगा भरल्याच नाहीत, आणि ऑक्टोबरात आमच्या गावी ग्रामसभा झाली. एरवी सभेला बाया जात नाहीत, पण त्या दिवशी झाडून सगळ्या गेलो, कारण विषय लाइटीचा होता.

आमचं गाव धाड या बाजाराच्या गावापुढे, आडरस्त्याला. मारुतीच्या पाराजवळ सतरंज्या टाकल्या होत्या. सरपंच गोविंदा उभा राहिला. हा आमच्या शेजारच्या निवृत्तीचा मुलगा. त्यानं सांगितलं, गायरानावर सोलरच्या प्लेटा बसणार. आपला कापूस ज्या सूतगिरणीत जातो, तिचा माल परदेशात जातो. तिकडच्या गिऱ्हाइकांनी कळवलंय की कोळसा जाळून केलेलं सूत आम्हाला नको, उन्हावर गिरणी चालवा, नाहीतर आम्ही दुसरीकडून घेतो. सरकारनंही जगापुढे तसाच शब्द दिलाय. म्हणून ही वीज अर्धी गिरणीला आणि अर्धी आपल्या शेतातल्या मोटारींना. तीही दिवसा.

बकऱ्या चारणारा मोतीराम मागून म्हणाला, "म्हणजे तिकडच्या साहेबाच्या सदऱ्याले धुराचा वास येते काय बे?"

"वासाचं नाही काका. जग तापून राह्यलं."

"मंग त्याले वैशाखात आपल्याकडं पाठव. आपण कवाचे तापलो हाओत."

"काका, ऊन विकल्या जाऊन राह्यलं तुमचं, खूश व्हा ना."

"उन्हाले भाव आला बाप्पा! कापसाले तेवढा येत नाही."

सगळे हसले. मीही हसले. माझा मुलगा हिवाळाभर रात्री बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला जायचा, आणि तो परत येऊन बाहेर पाय धूत असल्याचा आवाज येईपर्यंत मला झोप लागत नसे. मागच्याच साली खालच्या आळीतला एक तरणा माणूस असाच पाण्यावर गेला असताना साप चावून गेला होता. दिवसा लाइट म्हटल्यावर मी हात वर केला, तो सगळ्यांच्या आधी.

गोविंदानं नकाशा धरून दाखवलं, "सगळीकडं प्लेटा, आणि नाल्याकडच्या कोपऱ्यात मशीनघर. कोणाची हरकत?"

म्हातारी माणसं खाली बघू लागली. मोतीराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मला वाटलं, बकऱ्या आता कुठं न्यायच्या याचा विचार करतोय. कोणी हरकत घेतली नाही आणि ठराव झाला.

घरी येताना माझी धाकटी जाऊ पंचफुला माझ्यासोबत होती. आमच्या दोघींचेही नवरे गेले. तिचा नवरा दयाराम, माझा दीर, जाऊन बरीच वर्षं झाली. घरं एकमेकींना लागून आहेत. दारापाशी आल्यावर ती म्हणाली, "बाई, माही पोरगी हाय थ्या गायरानात."

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी तिला पहिली मुलगी झाली होती. बारशाआधीच तापानं गेली. आमच्याकडे एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. दोन माणसं जातात. धडुत्यात गुंडाळलेलं लेकरू, थोडं मीठ आणि कुदळ घेऊन. वरून दगड रचतात, काटे टाकतात. आईला नेत नाहीत. जागाही सांगत नाहीत. आईला जागा कळली की तिचं मन तिथंच राहतं आणि पुढचं लेकरू जगत नाही, असं मानायचे. दयारामनं तिला मरेपर्यंत सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. तसं विचारायची रीतच नव्हती.

पण एकदा बैलगाडीतून जाताना गायरानातल्या हिवराच्या झाडापाशी दयारामनं मान दुसरीकडे फिरवली. त्यावरून तिनं ठरवलं, की इथंच. तेव्हापासून ती काटक्या वेचायला, शेण गोळा करायला तिकडेच जायची आणि हिवराखाली घटकाभर टेकायची. पुढे तिला तीन मुलं झाली, जगली, तरी तिचं जाणं थांबलं नाही. तिचं तिथं टेकणं मला माहीत होतं, दयारामनं मान फिरवल्याचं तिनं त्या दिवशी दारात सांगितलं. त्याआधी आम्ही यावर कधी बोललो नव्हतो.

संक्रांतीनंतर सोलरच्या कंपनीची माणसं आली आणि खुणेच्या खुंट्या ठोकू लागली. पंचफुला मला घेऊन निवृत्तीकडे गेली. मुलीला मातीत ठेवायला दयारामसोबत तोच गेला होता. म्हातारा ओट्यावर उन्हात बसला होता.

"भाऊजी, एकच विचारते. हिवराखालीच ना?"

त्यानं तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं, जणू मी तिला घेऊन जावं. "झाल्यागेल्याले काऊन उकरतं वं आता?"

"मी नाही उकरत. मशीन उकरणार हाय."

त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "हाव. हिवराखाली."

तिथून ती सरळ गायरानात गेली. कंपनीचा माणूस हर्षल म्हणून होता, अमरावतीकडचा, आईबापांना सोडून धाडला खोली घेऊन राहणारा. तो म्हणाला, "आजी, झाडाची सावली प्लेटांवर पडते, म्हणून काढणार होतो."

"माहं माणूस हाय तिथं."

त्यानं पुढे विचारलं नाही. "दोन रांगा मागे घेतो," म्हणाला, आणि झाडाभोवती चुन्याची रेघ मारून दिली. त्या दुपारी पंचफुला घरी येऊन गाढ झोपली. दिवसा झोपलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

नाल्याकडच्या कोपऱ्यात जेसीबी आला त्या सकाळी आम्ही चारसहा बाया बघायला गेलो होतो. पंचफुला हिवराला हात लावून उभी होती. मशीननं बराचसा कोपरा सपाट केला होता, तेवढ्यात गावाकडून निवृत्ती येताना दिसला. पायात चप्पल नाही, काठी टेकत, धोतर सावरत. ओट्याखाली न उतरणारा माणूस.

"थांबव! थांबव बे!"

गोविंदा धावत आला. "बाबा, लोकं पाहून राह्यले. काय झालं?"

"लेकरं हायत खाली."

"कोणाची?"

"गावची. सगळ्याइची. माही दोन हायत. मोतीरामचा पोरगा हाय. दयारामची..." त्यानं पंचफुलेकडे बघितलं.

"मंग सभेत काऊन नाही बोलले?" गोविंदा ओरडलाच.

"बाया बसल्या होत्या ना बे तिथं."

मशीन बंद झालं. चालवणारा परका पोरगा खाली उतरला आणि त्यानं चपला काढून ठेवल्या. मोतीराम बकऱ्या घेऊन कडेला उभा होता, आणि त्याची बायको शालूबाई आमच्यातच होती. तिनं नवऱ्याकडे वळून विचारलं, "आपला कोठी?"  सगळ्या गावाला बोलून दमवणाऱ्या मोतीरामनं मशीनच्या दिशेनं नुसता हात केला.

पंचफुला चालत निवृत्तीपाशी आली. "माहीवाली?"

त्यानं काठीनं मशीनच्या पुढची सपाट जमीन दाखवली. "हिवराखाली मुरूम होता. दयारामच्यानं खणवलं नाही, रडत होता तो. म्हणून इकडं आणलं. नाल्याची माती मऊ. सगळे इथंच आणत."

"मंग तुमी हिवर काऊन म्हटलं?"

"तुह्या तोंडून आलं. मले बरं वाटलं."

ती त्या जमिनीवर जाऊन उभी राहिली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. ओली, काळी, नुकतीच फिरवलेली माती. आधी तिथं दगड होते, ते बाजूला ढकलून ठेवले होते, आणि कोणता दगड कोणाचा हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

दोन दिवस काम थांबलं. हर्षलनं वरच्यांना फोन केले, मशीनघर जरा सरकवता येईल का म्हणून. वरच्यांनी विचारलं, नक्की किती जागा सोडायची? तेव्हा म्हाताऱ्यांना बोलावलं. एक म्हणाला इथून, दुसरा म्हणाला तिथून. पन्नास वर्षांत नालाच सरकला होता. शेवटी गावानंच सांगितलं, चालू द्या. आमच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही, हे लिहायला हवं. गहू पोटरीत आला होता, पाणी रात्रीच द्यावं लागत होतं, आणि गिरणीकडून रोज विचारणा होत होती. पंचफुलेनं हर्षलला एवढंच विचारलं, "इथली माती कोठी टाकली बाबा?" त्यानं खाली बघून सांगितलं, रस्त्याच्या भरावात गेली.

आता गायरान निळंकाळं दिसतं. दिवसा लाइट येते. माझा मुलगा दुपारी गव्हाला पाणी देतो, रात्री घरी असतो, आणि यासाठी मी रोज हात जोडते. गिरणी चालू आहे, परदेशातले लोक माल घेतात. हर्षल राजस्थानात मोठ्या कामावर गेला. लग्नाची पत्रिका पाठवली होती, जाणं झालं नाही. गोविंदा सरपंचकीला पुन्हा उभा राहिला नाही. बापाशी तो त्या दिवसानंतर नीट बोलला नाही, आणि निवृत्ती पुढच्या उन्हाळ्यात गेला. मोतीरामनं बकऱ्या विकल्या. शालूबाई त्याला वाढते, कपडे धुते, पण त्याच्या समोर बसत नाही.

हिवर तारेबाहेर उभा आहे. पंचफुला तिकडे फिरकत नाही. बाजारालाही तो भरावाचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं जाते. परवा आम्ही दोघी अंगणात तूर पाखडत होतो, तेव्हा तिनं मधेच विचारलं, "बाई, त्याहीनं मले तवाच जागा सांगितली असती तं मी काय केलं असतं?"

"काय करणार? रडली असतीस."

"हाव," ती म्हणाली. "तेवढंच तं."

आणि सूप घेऊन ती पुन्हा पाखडू लागली.