जानव्याची किल्ली

आमच्या धारच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, त्याला हार घातला, गल्लीत पेढे वाटले आणि त्याची किल्ली आपल्या जानव्याला बांधली. त्या काळी डब्याला पुढे कुलूप असे. ते लावलं की कीबोर्ड बंद, असं दुकानदारानं सांगितलं होतं. दर श्रावणीला जानवं बदललं की किल्ली नव्या जानव्यावर जाई. दसऱ्याला पणजोबांच्या तलवारीशेजारी कॉम्प्युटरची पूजा व्हायची. झेंडूचा हार मी ओवायचे, धूळ मी पुसायचे, कव्हरही मीच शिवलेलं. चालवायचा मात्र माझ्या धाकट्या भावानं, मयुरेशनं. अभ्यास म्हणून किल्ली घ्यायचा आणि मोटारी पळवायचा.

बी.एस्सी. झाल्यावर मी पीजीडीसीएला, कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला, नाव घातलं. क्लासात कॉम्प्युटरला बोट लावायचं तर रांग. प्रॅक्टिकल तोंडावर आलं, तेव्हा मी तात्यांकडे किल्ली मागितली.

"लतिके, बिघडला तर मयूचं नुकसान," ते म्हणाले. "तुला काय, उद्या दुसऱ्याच्या घरी जायचं."

मी प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले. तात्या येईल त्याला सांगत, पोरीला त्यात गती नाही. पुढे लग्न होऊन मी देवासला गेले, तर हे वाक्य माझ्या आधीच सासरी पोचलं होतं. तिथंही मला कुणी कशाला हात लावू दिला नाही.

२००८च्या दसऱ्याला मयुरेश अमेरिकेहून आला. परदेशी गेलं की जुन्या वस्तूंवरचं प्रेम उतू जातं. इथं होता तेव्हा यानं एकदा फडकं मारलं नव्हतं. कॉम्प्युटरपुढं बसून त्याचे डोळे भरून आले.

"ताई, क्या दिन थे ना!"

दिन त्याचे होते. मी मान हलवली.

कॉम्प्युटर सुरू होईना, म्हणून त्यानं स्क्रू काढून डबा उघडला. आत डोकावला आणि हसतच सुटला. "ताई, ये देख! कुलपाची वायर कुठं जोडलेलीच नाहीये. दुकानवाल्यानं लटकती सोडलीय. कुलूप नुसतं दिखाव्याचं!"

म्हणजे कुलूप लावलेलं असतानाही तो चालला असता. दुपारी तात्या कचेरीत, मयुरेश शाळेत, आई झोपलेली. फक्त बटण दाबायचं होतं. पण तात्यांनी बंद म्हटलं म्हणजे बंद, एवढंच आम्हाला ठाऊक.

तात्याही हसले, ठसका लागेपर्यंत. मग माझ्याकडे पाहून त्यांनी जानव्याची गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घे, आता हवा तितका चालव."

किल्ली त्यांच्या अंगाच्या उबेनं कोमट होती.

"तात्या, मला गती होती," मी म्हणाले.

"बरं, बरं," ते जानवं सारखं करत म्हणाले. "मयूला भूक लागली असेल. पानं घे."