अक्कांचा होकार

अहल्याअक्का "सरी", म्हणजे कानडीत "ठीक आहे", म्हणाल्याशिवाय त्या घराण्यात काही हलत नसे. लग्न असो, जागेचा व्यवहार असो की कुणाच्या मुलाचं कॉलेज, दर रविवारी सकाळी भावंडं कॉम्प्युटरवर जमत, बोलून बोलून दमत आणि शेवटी सगळे अक्कांच्या तोंडाकडे बघत. अक्का यशवंतपूरच्या जुन्या घरात एकट्या राहत. त्यांनी लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं, आणि आईच्या मागे घरचे देव आणि नवरात्राचा घटही त्यांनीच सांभाळला.

गेलं वर्षभर मात्र अक्कांना त्या बैठकीतलं निम्मंच कळत होतं. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वडिलांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा आधी सगळे त्यांच्याशी ओरडून बोलू लागले आणि मग त्यांना काही विचारेनासेच झाले, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून समोरचे बोलायचे थांबले की त्या हसून म्हणायच्या, "सरी." बहुतेक वेळा निभावून जायचं.

या खेपेला निभावलं नाही. मंगळवारी भावजय चंदनाचा मेसेज आला: "अक्का, रविवारी तुम्ही सरी म्हणालात म्हणून मुहूर्त काढला. येत्या सोमवारी देव मारतहळ्ळीला आणू. यंदाचा घट आमच्याकडे."

अक्कांनी मेसेज दोनदा वाचला. देव गेले तर या घरात उरणार काय, आणि आपल्याला तरी कोण विचारणार? ऐकलंच नव्हतं म्हणावं तर कान अधू झाल्याचं कबूल करावं लागणार. गप्प बसावं तर देव जाणार.

दुसऱ्याच दिवशी त्या शिवाजीनगरला जाऊन कान तपासून आल्या. तपासणाऱ्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. "कान फार गेलेले नाहीत. फक्त वरच्या पट्टीचे बारीक आवाज कमी येतात, आणि शब्द ओळखू येतात ते त्यांच्यामुळेच. नुसता आवाज मोठा केलात तर घरघर वाढेल, शब्द कळणार नाहीत."

हे ऐकून अक्कांना स्वतःचाच राग आला. भजनातला मृदंग घुमावा म्हणून कॉम्प्युटरवर खालच्या पट्टीचे आवाज त्यांनीच पार वर नेऊन ठेवले होते, आणि रविवारी ऐकू येईना म्हणून वर आवाजही वाढवत बसल्या होत्या. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईनं इतका साधा हिशेब चुकवावा, म्हणजे कमाल झाली.

घरी येऊन त्यांनी सेटिंग उघडलं. खालच्या पट्टीचे आवाज कमी केले, वरच्या पट्टीचे हळूहळू चढवले. उजवा कान जास्त अधू, म्हणून डावा-उजवा आवाज एकत्र करून दोन्ही कानांत पूर्ण येईल असं केलं आणि स्पीकर काढून हेडफोन लावला. बोललेलं पडद्यावर लिहून दाखवायची सोयही चालू करून पाहिली, पण यांच्या घरातलं कन्नडमिश्रित मराठी तिला काही झेपेना. ती बंद केली. मग बातम्या लावल्या, तर निवेदिकेचा एकेक शब्द सुटा येत होता.

रविवारी सगळे जमले. धाकटा भाऊ गुरुदत्त, चंदनाचा नवरा, देव न्यायच्या टेम्पोचं सांगत होता. तेवढ्यात चंदना माईक चालू आहे हे विसरून त्याला हळूच म्हणाली, "अक्कांना एकदा परत विचारून घ्या की."

"नको," गुरुदत्तही तसाच हळूच म्हणाला. "काहीही विचारलं तरी ती सरीच म्हणते आताशा. स्वल्प डोकं चालेनासं झालंय तिचं. म्हणून तर देव आणायचे. देवांच्या निमित्तानं तिलाही इकडे आणू. एकटीला तिथं कसं ठेवायचं?"

अक्कांना संताप यायला हवा होता. तो आला नाही, डोळेच भरून आले.

"गुरु," त्या म्हणाल्या, "माझं डोकं शाबूत आहे, कान कमी ऐकतात. वर्षभर तुमचं निम्मं मला कळत नव्हतं, आणि न कळता मी सरी म्हणत होते. देवांचंही तसंच म्हटलं. आज सगळं ऐकलं. तू आत्ता बोललास तेही. देव इथेच राहतील."

पलीकडून काहीच आलं नाही. सेटिंग बिघडलं की काय म्हणून अक्कांनी घाईघाईनं पाहिलं, पण सगळं जागच्या जागी होतं. मारतहळ्ळीच्या रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा स्पष्ट ऐकू येत होता. मग नाक ओढल्याचा बारीकसा आवाज आला. गुरुदत्त रडत होता.