न लिहिलेल्या वर्षाची सूची

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं सूचीकार स्वतःशी म्हणत असे. पण ते काही खरं नव्हतं. राहून जातं ते छत्री घ्यायचं, खिडकी लावायचं. हे पत्र उन्हाळ्याच्या तोंडाला आलं तेव्हापासून त्याच्या टेबलावर शब्दकोशाखाली होतं, आणि शब्दकोश तर त्याला रोजच लागे. रोज तो पत्र बघायचा, बऱ्याचदा वाचायचाही, आणि शब्दकोश पुन्हा हलकेच त्याच्यावर ठेवून द्यायचा.

सूची करणं हा त्याचा धंदा. जाड पुस्तकांच्या शेवटी बारीक टायपात पानं असतात ना, कोणता विषय कुठल्या पानावर आला आहे ते सांगणारी, ती तो तयार करायचा. उभा जन्म दुसऱ्यांची पुस्तकं ओळ न ओळ वाचण्यात गेला आणि त्याचं नाव त्यातल्या एकावरही आलं नाही. त्याला ते बरंच वाटे. नाव आलं की चुकाही नावावर येतात. निवृत्त झाल्यावर मात्र कुठून अवसान आलं कोण जाणे, त्याने वाचलेल्या पुस्तकांबद्दल ब्लॉग सुरू केला. पहिल्याच दिवशी वाचकांच्या प्रतिक्रियांची सोय बंद करून टाकली. मग आपण फार तुसडे दिसू असं वाटून खाली घरचा पत्ता दिला. हल्ली टपालाने पत्र लिहायच्या फंदात कोण पडतं, असा त्यामागचा धूर्त विचार.

एक बाई पडल्या. त्यांनी लिहिलं होतं:

‘आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवली. वरच्या केबिनमधून बरंच काही दिसतं, पण ते कोणाला सांगायची सवय नाही. आता मोकळी झाले आहे, तर नव्या वर्षापासून तुमच्यासारखा ब्लॉग लिहावा म्हणते. घेतलेलं काम अर्धवट टाकायचा माझा स्वभाव नाही, म्हणून झेपेल तेवढंच अंगावर घ्यायचं आहे. तुम्ही इतकी वर्षं लिहिता. वर्षाला किती लिहिणं होतं, ते सांगाल का? तुम्ही कामात असाल. उत्तर आलं नाही तर या वयात या भानगडीत पडू नये असंच तुमचं मत आहे, असं धरून चालेन. वाईट वाटून घेणार नाही.’

उत्तर न आल्याबद्दलचं ते वाक्य सूचीकाराच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. त्याला वाटायचं, आपण अजून काहीच बोललेलो नाही. पण बाईंच्या हिशेबी तो इतके महिने ‘पडू नका’ असंच बजावत होता.

उत्तर द्यावं, तर ते कोणत्या तोंडाने? दर वर्षाअखेरीला तो ब्लॉगचा मोठा संकल्प करी आणि तोही आपल्या धंद्याच्या पद्धतीने, म्हणजे येत्या वर्षात जे लिहायचं त्याची सूची आधीच तयार करी. ‘अनुवाद, चांगला कसा ओळखावा. कंटाळा, वाचनातला. प्रस्तावना, वगळण्याजोग्या.’ पानांचे आकडे तेवढे रिकामे. सूची इतकी देखणी उतरायची की वर्ष लिहून झाल्यासारखंच वाटे. पुढे दुसरा महिना लागेस्तोवर गाडी धापा टाकू लागे, आणि मग नुसता शुकशुकाट.

वर्षाचा शेवटचा दिवस होता. दुपारी तो ताईकडे केस कापायला गेला. ताई त्याची थोरली बहीण. घराच्या पुढच्या खोलीत तिने एक आरसा आणि वरखाली होणारी खुर्ची मांडली होती, आणि वय झालं तरी जुनी गिऱ्हाइकं तिला सोडत नव्हती.

“मान खाली,” ताई म्हणाली.

“घातलीये.”

“जन्मभर घातलीयेस, आता आणखी थोडी घाल.”

कात्री चालू झाली. गळ्यापर्यंत चादर बांधलेल्या माणसाला पळून जाता येत नाही, हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

“काय मग धाकट्या, यंदा काय ठरवलंयस तुझ्या त्या ब्लॉगचं?”

“आठवड्याला एक लेख. गेल्या वर्षी दोन ठरवले होते. निम्म्यावर आणलंय, झेपेल असं.”

“आणि गेल्या वर्षी झाले किती?”

सूचीकाराने मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

“हलू नकोस, कान जाईल. किती झाले?”

“मोजले नाहीत. पण येत्या वर्षाची सूची तयार आहे.”

कात्री थांबली. “न लिहिलेल्याची?”

“हो.”

“धन्य आहे! पोराचा पत्ता नाही आणि हा नातवंडांना शाळेत घालून आला. अरे, माझ्याकडे बायका फोटो घेऊन येतात, अस्सेच कापा म्हणून. मी फोटो बघते, छान म्हणते आणि बाजूला ठेवते. कापायचं असतं ते समोरचं डोकं. तू दर वर्षी फोटोच कापत बसलायस.”

एरवी तो यावर ओशाळं हसला असता. पण आज त्या वाक्याच्या काट्याने उचल खाल्ली, आणि चादरीच्या आतून, आरशाकडे न बघता, त्याने क्रेनवाल्या बाईंची सगळी हकिगत सांगून टाकली. ताईने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ही काळजीची गोष्ट होती.

“म्हणजे तू तिला नाही म्हणालास,” शेवटी ती म्हणाली.

“मी काहीच म्हणालो नाही.”

“तेच ते. दारात कोणी विचारलं, केस कापता का हो, आणि मी नुसती टकाटका बघत राहिले, तर तो माणूस उभा राहील होय? जाईल निघून.”

“पण मी सांगू काय तिला? मलाच कुठे जमलंय?”

“किती जमायला हवं होतं, असं विचारलंय का तिने? किती होतं, एवढंच विचारतेय बिचारी. तेवढं तर खरं सांगता येईल ना तुला?”

इतक्यात दारात एक बाई आल्या, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल आणि चेहऱ्यावर घाई. घरीच रंग लावला होता आणि तो भलताच चढला होता.

“ऊठ धाकट्या. रंग लावलेलं डोकं थांबत नसतं. तुझी उजवी बाजू संध्याकाळी.”

“असाच जाऊ?”

“तुझ्याकडे बघतंय कोण?”

टोपी घरी राहिलेली. डावीकडून नीटनेटका आणि उजवीकडून झिपरा असा सूचीकार भिंतीकडेने घरी आला आणि कोट न काढताच टेबलाशी बसला.

आजवर हजारो पानांच्या सूची केलेल्या या माणसाने स्वतःच्या ब्लॉगची सूची कधीच केली नव्हती. ब्लॉग उघडायचा तो नवा लेख टाकायला. जुन्याकडे वळून बघायचं धाडस होत नसे. आज त्याने कोऱ्या चिठ्ठ्या जवळ ओढल्या आणि पहिल्या लेखापासून वाचायला सुरुवात केली. एखाद्या प्रकाशकाकडून परक्या माणसाचं पुस्तक यावं आणि ते आपण निमूटपणे वाचावं, तसं.

थोड्याच वेळात एक चिठ्ठी भरून ती पाठपोट लिहायची वेळ आली. तिच्यावर शब्द होते, ‘क्षमा, लिहायला उशीर झाल्याबद्दल’. इतक्या वेळा आलेला दुसरा विषयच नव्हता. तिच्या खालोखाल ‘पुढच्या लेखात सांगेन’. सांगितलेलं कुठेच नाही. एका ठिकाणी तर मागच्या माफीबद्दलची माफी होती. सूचीकार आधी कानापर्यंत लाल झाला, आणि मग त्याला एकट्यालाच हसू फुटलं. लेखक परका असता तर त्याने केव्हाच म्हटलं असतं, अहो, जे पानावर नाही त्याची नोंद होत नसते. त्याने त्या दोन्ही चिठ्ठ्या बाजूला काढल्या.

उरलेलं थोडंच होतं. पण होतं. वाचनालयात कायम उभ्यानेच पुस्तक वाचणाऱ्या एका माणसावर लिहिलेला लेख तो स्वतःच विसरून गेला होता. हातात पेन्सिल धरून तो वाचू लागला, आणि शेवटापर्यंत ती एकदाही टेकवावीशी वाटली नाही. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, आणि ती त्याला चांगलीच चकित करून गेली. संकल्प रोज लिहायचा असो, आठवड्याचा असो की कुठलाच नसो, वर्षाकाठी लेख तितकेच व्हायचे. दोन महिन्यांतून एक. ना कमी, ना फार जास्त. म्हणजे इतकी वर्षं तो आळशी नव्हता. तो फक्त सावकाश होता, आणि हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण विचारलंच कोणी नव्हतं. विचारलं होतं ते एका बाईंनी.

त्याने पत्र लिहायला घेतलं. पहिला कागद माफीतच भरला. तो त्याने फाडला. दुसऱ्यात संकल्प या विषयाचा पूर्वेतिहास येऊ लागला, तोही फाडला. तिसऱ्यावर मात्र त्याने एका दमात लिहिलं:

‘तुम्ही विचारलंत ते आज मोजून पाहिलं. माझं दोन महिन्यांतून एक लिहून होतं. ठरवलं कितीही, होतं एवढंच. तुम्ही सुरुवातीला याहून थोडं कमीच धरा, कारण पहिल्या वर्षी बराच वेळ घाबरण्यात जातो. उशीर झाला तर माफी मागू नका, सरळ लेख लिहा. पुढे सांगेन असं म्हणू नका. आत्ता सांगा किंवा सोडून द्या. हे पत्र पोचेल तेव्हा नवं वर्ष लागून चार दिवस झालेले असतील. तेवढ्याने बिघडत नाही. तुम्ही या भानगडीत पडू नये असं माझं मत कधीच नव्हतं. मी गप्प होतो ते माझ्या भीतीने. वरून काय दिसतं, ते मला वाचायचं आहे.’

सही करताना हात थबकला. सल्ला देणारे आपण कोण? त्या बाई कुठे वाऱ्यात झुलणाऱ्या केबिनमध्ये बसणाऱ्या, आणि आपल्याला शिडीवरून वरच्या फळीवरचं पुस्तक काढायचं तर भोवळ येते. रात्री पुन्हा एकदा वाचून, उद्या सकाळी... तो तिथेच थांबला. ही वाट कुठे जाते ते त्याला चांगलं ठाऊक होतं. ती शब्दकोशाखाली जाते. त्याने पाकीट चिकटवलं आणि तो जिना उतरला.

औषधाच्या दुकानाजवळच्या टपालपेटीशी पोस्टमन गुडघ्यावर बसून पत्रं पोतडीत भरत होता. दुकानाच्या पायरीवर दोघं-तिघं उभे होते. त्यांच्यातल्या एकाने सूचीकाराचं डोकं बघून दुसऱ्याला कोपर मारलं. सूचीकाराच्या ते लक्षात आलं आणि तो पेटीपासून दोन पावलांवर थांबला.

“टाकायचंय का आजोबा?” पोस्टमनने मान वर केली, त्याची नजर झिपऱ्या बाजूवर क्षणभर टेकली, पण तो भला माणूस होता. “उद्या सुट्टी आहे. आत्ता दिलंत तर गेलं, नाहीतर मग परवा.”

“हो, म्हणजे... एक ओळ राहिलीये बहुतेक. त्यांना प्रतिक्रियांबद्दल काहीच लिहिलं नाही मी. प्रतिक्रिया बंद ठेवू नका म्हणून.”

“मग काय, उघडताय पाकीट?”

“नको. त्या लिहितील ना मला परत. तेव्हा सांगता येईल.”

“कोण लिहील?”

“क्रेन चालवणाऱ्या एक बाई आहेत,” सूचीकार म्हणाला, आणि अनोळखी माणसाला आपण एवढं सगळं कशाला सांगतोय हे त्याचं त्यालाच कळेना.

“बरं,” पोस्टमन म्हणाला आणि त्याने पोतडीचं तोंड थोडं रुंद धरलं.

सूचीकाराने वाकून पत्र आत सोडलं. पोस्टमनने दोरी आवळली, पोतडी खांद्यावर टाकली आणि तो गाडीकडे निघाला.