पेचाचा अर्धा फेरा

सूर्यभानची पिकअप कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी केली तेव्हा तिच्यात एवढं होतं: स्टेपनी एक, हौद्यावरच्या लोखंडी कमानी चार, ताडपत्री एक, मागचा फाळका, जॅक, साखळी, पाण्याचे कॅन दोन, मेंढरं चढवायची फळी एक, चाकामागे लावायचे दगड दोन, घोंगडी एक. शिवाय हौद्याच्या कोपऱ्यांत साचलेल्या लेंड्या आणि लोकर. ती मी झाडून पोत्यात भरली आणि स्टोअरच्या छोट्या काट्यावर वेगळी तोलली. सहा किलो. सगळं धरून गाडी चौदाशे साठ किलो भरली.

"लेंड्यासुदीक तोलल्या," सूर्यभान म्हणाला. "आता आमच्या म्हाताऱ्याला बी घ्या काट्यावर."

आप्पा, म्हणजे त्याचे वडील, खरंच छोट्या काट्यावर येऊन उभे राहिले. छप्पन्न किलो.

मी तेव्हा चिकलठाण्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात, चाचणी विभागात, नवा लागलो होतो. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि जे दिसेल ते मोजावंसं वाटायचं. १९९४ सालचा जानेवारी होता. सिल्लोडच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसची बैठक तडकली होती. नवी बैठक आम्ही ओतली होती: बिडाचा एकच नग, एक हजार चाळीस किलो. हंगाम भरात होता आणि प्रेस बंद पडला होता. पण विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा संक्रांतीच्या सुमाराला होणार अशी कुणकुण होती, आणि दंगलीच्या भीतीनं कारखान्याच्या नेहमीच्या ठेकेदारानं आठवडाभर एकही ट्रक त्या रस्त्याला घालणार नाही असं सांगून टाकलं होतं.

माल पाठवण्याचं काम तात्यासाहेबांकडे होतं. त्यांनी फाटकाबाहेर भाड्यासाठी उभ्या असलेल्या सूर्यभानला आत बोलावलं. "पंधरा तारखेला हा नग सिल्लोडला उतरव. मग दर महिन्याचं काम तुझं, लिहून देतो. नाही जमलं तर सोळाला जालन्याहून ट्रक येतोय. मग काम त्याचं."

सूर्यभानची गाडी जुनी. मूळचं पेट्रोल इंजिन कधीच गेलं होतं आणि त्याच्या जागी पाण्याच्या पंपाला असतं तसलं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. पण त्याला ताकदीची गरज अशी पडलीच नव्हती. तो मेंढरं वाहायचा, आपली आणि भाऊबंदांची. सिल्लोडच्या रस्त्याला चौक्याच्या घाटात एक खडं वळण आहे, तिथं भरलेली गाडी दम टाकायची. मग सूर्यभान चाकामागे दगड लावायचा, आप्पा फळी टाकायचे, मेंढरं उतरायची आणि चालत वळण चढायची. रिकामी गाडी मागून यायची आणि वर गेल्यावर सगळे परत हौद्यात. ओझं आपल्या पायानं चालत होतं, तोवर इंजिनाचं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

बैठकीला पाय नव्हते.

"पिकअप म्हणं," कडुबा म्हणाला. तो कारखान्यात क्रेनच्या साखळ्या बांधायचा. "नाव पिकअप, आन् पिकअपच नाय."

"नावानं काय होतंय, कडुबा?" तात्यासाहेब हसले. "तुम्ही लोक उगाच एका नावासाठी एवढं..."

"कायच होत नसंल तर सोळा वर्षं आडवून कशापायी धरलंय, साहेब?" साखळी हातातच धरून कडुबा म्हणाला. तात्यासाहेब केबिनमध्ये गेले. कडुबा सूर्यभानकडे वळला. "विद्यापीठाच्या नावात आमचे तीन शब्द वाढंनात सोळा वर्षांत. तुला चार दिवसांत इंजिन वाढवायचंय. बघ बाबा."

*

त्याच दिवशी बैठकीच्या वजनाची भंगाराची पोती हौद्यात भरून आम्ही घाटाच्या पायथ्याशी गेलो. वळणाच्या अलीकडे सरळ चढाचा एक तुकडा आहे. पाण्याच्या नळीनं मी त्याचा उतार काढला, दोन खुणा केल्या आणि घड्याळ हातात घेऊन सूर्यभानशेजारी बसलो. वजन, चढ आणि वेळ कळला की ताकद काढता येते. तीनदा मोजलं. चाकांपाशी तेरा अश्वशक्ती. मग वळण मोजलं. तिथं चढ आठास एक होता. पहिल्या गिअरमध्ये ते चढायला अठरा लागणार होत्या.

परत येताना सूर्यभानच्या घरी थांबलो. कारखान्यांच्या कुंपणांमागे मोकळी जमीन होती तोवर त्यांची मेंढरं तिथंच चरायची. आता तिथं तिसऱ्या शेडचे खांब उभे राहिले होते. दोन खोल्या, वर पत्रे. सूर्यभानची बायको सुगंधाबाई लग्नानंतर पहिल्यांदाच अख्खं वर्ष एका जागी राहिली होती, आणि त्यांची मुलगी पहिल्यांदाच अख्खं वर्ष एका शाळेत.

त्यांनी चहा दिला आणि उभ्या राहूनच विचारलं, "साहेब, गाडी चढली तर आमी इथं. नाय चढली तर फेब्रुवारीत मेंढरांमागं अजिंठ्याच्या डोंगराकडं. तेवढंच सांगा. चढंल का?"

"पाच कमी पडताहेत," मी म्हणालो.

"पाच काय?"

मी अश्वशक्ती म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी नाय चढत," त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

*

शहागंजच्या मागच्या गल्लीत मुनीरभाईचं गॅरेज होतं. ते इंजिन गाडीत त्यांनीच बसवलं होतं. त्यांनी आधी हवेची गाळणी उघडली आणि आतून लोकरीचा बोळा ओढून काढला. "आधा मेंढा तो इसीमेच है, आप्पा. बाकी का आधा किधर गया?"

आप्पा मनापासून हसले. तेवढं हसणं त्या आठवड्यात मी एकदाच ऐकलं.

मुनीरभाईंनी नोझल काढून साफ केले, व्हॉल्व्ह बसवले, सायलेन्सरमधली काजळी ठोकून काढली. शेवटी डिझेल पंपाचा पेच. तो आत फिरवला की सिलिंडरमध्ये जास्त डिझेल जातं आणि जोर वाढतो. जळायला हवा पुरेनाशी झाली की धूर वाढतो, आणि त्याही पुढे गेलं की इंजिन तापून फुटतं. मुनीरभाईंनी अर्धा फेरा दिला आणि पेचावर पांढऱ्या रंगाचा ठिपका ठेवला.

"इसके आगे हात नक्को लगाना, सूर्यभान. पुराना माल है. नई जान किधर से डालूँ मैं?"

"अजून अर्धा दिला तर?"

"तो तू मेरे पास नई आएगा. भंगारवाले के पास जाएगा."

पुन्हा सरळ चढावर मोजलं. सोळा. मग आम्ही गाडी हलकी केली. स्टेपनी, कमानी, ताडपत्री, फाळका, फळी, एक कॅन, जॅक, घोंगडी. एकशे बेचाळीस किलो उतरले. दगड दोन्ही ठेवले. एवढं केल्यावर वळणाला सतरा पुरणार होत्या.

एक कमी राहिली. त्यावर माझा हिशेब असा होता: माणूस थोडा वेळ जीव खाऊन ढकलतो तेव्हा साधारण पाव अश्वशक्ती देतो. चार माणसं हवीत. आप्पा, मी, कडुबा, आणि वळणावरच्या चहाच्या टपरीवर दिवसा कधीही पाच-सहा जण बसलेले असतातच.

"बसतील की," सूर्यभान म्हणाला. "मेंढरं उतरवायला बी तेच हात लावत्यात."

*

संक्रांतीला घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कडुबानं क्रेननं बैठक हौद्यात ठेवली, साखळीनं आवळली आणि खाली उतरला. शर्टाला त्यानं निळी फीत लावली होती.

"चल की," सूर्यभान म्हणाला.

"मी नाय येत. आज रस्त्यावर कोण आडवून नाव विचारील सांगता येत नाय. आन् मला माझं नाव बदलून सांगायचं नाय." त्यानं सूर्यभानच्या पाठीवर थाप मारली. "जा. चढंल."

हर्सूल मागे पडल्यावर आम्हाला एकही गाडी दिसली नाही. त्या दिवशी एसटी बंद होती. कुठं काय झालं, झालं की नाही, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. सरळ चढ गाडी चांगली चढली. वळणाखाली आप्पा आणि मी एकेक दगड घेऊन उतरलो. वर टपरीकडे पाहिलं. फळ्या लावून बंद केलेली होती. बाकड्यावर कुणी नव्हतं.

"दोघंच," आप्पा म्हणाले.

आम्ही ढकललं. गाडी वळणात शिरली, दहा-बारा मीटर गेली, इंजिनाचा आवाज खाली खाली जात बंद पडला. दगड लावले. पुन्हा सुरू केली. या वेळी चार मीटर. तिसऱ्या वेळी गाडी जागेवरच थरथरली. माझ्या हिशेबात कुठंही चूक नव्हती, आणि मला करता येण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"थांबू," मी म्हणालो. "कुणीतरी येईल."

"कोण येतंय आज?" सूर्यभान म्हणाला.

तेवढ्यात वरून आवाज आला. पुष्कळ माणसं एकदम ओरडत होती. घाटात आवाज फिरतो, त्यामुळे शब्द कळेनात. मध्येच ढोल वाजल्यासारखं वाटलं, मग पत्रा बडवल्यासारखं.

"कोणाची हायती?" आप्पांनी विचारलं.

"मला काय म्हाईत? ह्यांची असतील, न्हाईतर त्यांची." सूर्यभाननं खाली-वर पाहिलं. गाडी रस्त्याच्या मधोमध तिरकी उभी होती. वरून येणाऱ्याला वाट नव्हती. "रस्ता आडवलाय म्हणत्याल आपण. काय भरवसा."

त्यानं सीटखालून पाना काढला आणि बॉनेट उघडलं.

"सूर्यभान, ठिपक्याच्या पुढे नको."

"मग तुम्ही सांगा काय करू."

त्यानं पेच फिरवला. अर्धा फेरा, आणि वर थोडा.

चावी फिरवली तसा काळा धूर सबंध वळणावर पसरला आणि गाडी खरोखर उचलली. आम्हाला ढकलायची गरजच पडली नाही. आप्पा दगड घेऊन शेजारी पळत होते आणि ओरडत होते, "चढती रं! चढती!" वीसेक मीटर ती तशी गेली. मग आत लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज झाला, काळा धूर पांढरा झाला, आणि सायलेन्सरमधून पाणी ठिबकायला लागलं. आप्पांनी दगड टाकला. सूर्यभान स्टिअरिंग धरून आतच बसून राहिला.

एक टेम्पो वळणावरून खाली आला आणि थांबला. वर निळे झेंडे, हौद्यात माणसं, एकाच्या हातात ढोल, एकाकडे तेलाचा रिकामा डबा. तोंडं गुलालानं माखलेली. फुलंब्रीकडची माणसं होती, विद्यापीठाच्या फाटकाला चालली होती.

"काय झालं रं?" पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं. सगळे तिला सरूबाई म्हणत होते.

"चढंना, मावशी," आप्पा म्हणाले.

"मग हाळी द्यायची का नाय? वरपत्तोर ऐकू आली असती." तिनं मागं वळून हात केला. "उतरा रं. हात लावा."

बारा जण उतरले. मी मोजले. बारा पाव म्हणजे तीन. लागत होती एक.

"इंजिन चालू कर," त्यांच्यातला एक सूर्यभानला म्हणाला. "आम्ही देतो जोर."

"इंजिन आत्ताच गेलं," सूर्यभान म्हणाला.

"आत्ता? कधी?"

"तुमचा आवाज आला तवा."

त्या माणसानं सूर्यभानकडे पाहिलं, मग हातातल्या ढोलाकडे. ढोल त्यानं खाली ठेवला.

तरीही त्यांनी ढकललं. फूट फूट करत, मागं दगड सरकवत, बंद गाडी त्यांनी वळण चढवून टपरीसमोरच्या सपाट जागेत नेऊन उभी केली. पुढचा घाट अजून मैलभर होता. सरूबाईनं आप्पांच्या कपाळाला गुलाल लावला, सूर्यभानला तिळाचे दोन लाडू दिले, आणि टेम्पो खाली गेला. आता शब्द स्पष्ट ऐकू येत होते.

सूर्यभाननं एक लाडू मला दिला. "वैजनाथराव," तो म्हणाला, "घरी तिला काय सांगायचं?"

*

सोळा तारखेला जालन्याचा ट्रक आला आणि टपरीसमोरून बैठक घेऊन गेला. तात्यासाहेब सूर्यभानला म्हणाले, "तुझ्यात काही कमी नव्हतं रे, गाडीत होतं." काम त्या ट्रकवाल्याला लागलं.

मुनीरभाईंनी इंजिन उघडलं. हेडचं गॅस्केट फुटलं होतं, एका पिस्टनवर ओरखडे होते. गॅस्केट बदललं. पिस्टन तसाच घासून बसवला. पेच मागे आणून पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्यभान फाटकावर आला. "आज निघतोय. एकदा मोजता का? किती ऱ्हायली ते कळू द्या."

गाडी काट्यावर घेतली. स्टेपनी, कमानी, ताडपत्री, फाळका, फळी, सगळं परत जागेवर होतं. हौद्यात मेंढरं होती आणि त्यांच्यात आप्पा. पुढे सुगंधाबाई बसल्या होत्या, मांडीवर भांड्यांचं गाठोडं आणि शेजारी मुलगी, तिच्या पाठीला दप्तर. मी फाळक्याला धरून मागे उभा राहिलो.

सरळ चढावर दोन्ही खुणा अजून होत्या. मी घड्याळ लावलं. वळणाखाली गाडी थांबली. सूर्यभाननं दगड लावला, आप्पांनी फळी टाकली, मेंढरं उतरली. सुगंधाबाई उतरल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं, मुलीला पुढं केलं आणि कळपामागून वळण चढायला लागल्या. टपरी उघडी होती. बाकड्यावर सहा जण बसले होते, त्यांतले दोघं मेंढरं वळवायला उठले.

मी दगडावर बसून हिशेब केला. खात्रीसाठी पुन्हा केला.

"किती?" सूर्यभाननं विचारलं.

चाकांपाशी अकरा अश्वशक्ती.