दाबलेलं अक्षर

बेलापूरच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणारा गोरक्ष एरवी दगडालाही बोलतं करील असा. पण गेल्या आषाढापासून त्याच्या तोंडाला कुलूप होतं. दुष्काळानं धंदा बसला म्हणून असेल, असं लोक म्हणत. लोकांना काय, कारण हाताशी असलं की झालं.

चित्रकलेचे राधाकृष्ण गुरुजी मात्र कुणाच्या अबोल्याला भीक घालणारे नव्हते. मिशनच्या बंगल्यातल्या रद्दीत सापडलेलं एक जुनं विलायती चित्र त्यांनी भर दुपारी त्याच्यापुढं पसरलं. आरशात बघून केस विंचरणारी तरुण बाई, आणि तिच्या पाठीमागं शिळेवर छन्नीनं काही कोरणारा हाडांचा सापळा.

"तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलंय," गुरुजी म्हणाले. "तू छन्नीवाला. सांग, कसं केलं असेल?"

गोरक्षनं चित्र उन्हाला धरलं. "हातोडी न्हाई लावली. हत्यार नुसतं हातानं रेटलंय. बगा, रेघ बारीक सुरू हुती, मधी फुगती, परत बारीक. अंधार पायजे तितं रेघंवर आडवी रेघ टाकलीया."

गुरुजी खूश झाले. "आता अर्थ ऐक. आरसा म्हणजे रूपाचा गर्व. सापळा म्हणजे मरण. ती स्वतःला बघतेय आणि मागं मरण तिचं नाव लिहितंय. तिला पत्ताच नाही."

"शिळंवर डाग कशाचा?" गोरक्षनं विचारलं, आणि विचारून पस्तावला. डाग कशाचा ते त्याला कळलं होतं.

गुरुजींनी भिंग लावलं. "खोडलंय रे. पत्रा घासून दाबलाय, तरी शाई धरलीच. बाईचं नाव दिसतंय. कारागिरानं ओळखीतल्या जिवंत बाईचं कोरलं असेल, मग भ्याला असेल." ते हसले. गोरक्षनं चित्र उलटं करून ठेवलं.

गेल्या वैशाखात त्यानं एका वारलेल्या पाटलाच्या स्मरणार्थ देवळाच्या चाळीस घागरी केल्या होत्या. चाळीसदा 'कै.' घातल्यावर हाताला तेच वळण पडलं. पुढची कळशी उत्तमरावांच्या लेकीच्या, गीताच्या रुखवताची. त्याच्या हातानं तिच्यावरही 'कै.' कोरलं. त्यानं ते हातोडीनं दाबलं, घासलं, वर 'चि. सौ. कां.' घातलं आणि कुणाजवळ बोलला नाही. आषाढात गीता गेली. डॉक्टर कावीळ म्हणाले. गोरक्षला मात्र आपलाच हात दिसायचा, जेवतानासुद्धा.

गुरुजी चित्र गुंडाळून निघाले, तोच उत्तमराव आले. काखेत तीच कळशी. सासरच्यांनी परत पाठवली होती.

"देवळात द्यायची हाय," ते म्हणाले. "नावाम्होरलं खोडून 'कै.' घाल. तुज्याच हातचं नाव हाय, म्हनून तुज्याकडंच आलो."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. गोरक्ष घासू लागला. वरची अक्षरं उथळ होती, चटकन गेली. मग दाबलेलं पितळ झिजलं आणि खालून ठिपक्याठिपक्यानं 'कै.' वर आलं. त्यानं त्यावर अंगठा ठेवला. उत्तमरावांनी तो हळूच बाजूला केला.

छन्नी अजून पेटीतच होती. उत्तमरावांनी एकदा पेटीकडं पाहिलं, एकदा अक्षराकडं. ते बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि तेच गोरक्षला सोसवेना.

"तुला ठावं हुतं," ते म्हणाले. "लगनाआदीच ठावं हुतं. मंग मला सांगितलं का न्हाईस? मी तिला धाडली नसती."