लोखंडाला मज्जाव

"करदोटा दाखव."

"करदोट्यात काय असनार ओ साहेब?" कल्लाप्पानं शर्ट वर केला.

"किल्ली असेल, टाचणी असेल. दाखव म्हणतो ना."

करदोटा नुसता दोऱ्याचा होता. हंबीररावांनी त्याचे खिसे, चपला, विडीची चंचीसुद्धा तपासली, दार उघडून त्याला झाडू घेऊन आत सोडलं आणि स्वतः मागोमाग गेले. झाडताना अधिकाऱ्यानं शेजारी उभं राहायचं, हा तिथला जुना नियम.

सर्जापूर रोडच्या निलगिरीच्या झाडांत ती चुंबकीय वेधशाळा होती. आत रेशमाच्या धाग्याला टांगलेली चुंबकाची सुई. पृथ्वीचं चुंबकत्व सारखं थोडंथोडं हलतं, ते ती टिपायची, आणि तिच्यावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर रेघ ओढत बसायचा. जवळ एखादा खिळा आला तरी रेघ बिथरे. म्हणून इमारतीत खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या आणि दारावर पाटी, 'लोखंडाला मज्जाव'.

हा सगळा व्याप थॉर्नबीसाहेबाचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हा भौतिकशास्त्रज्ञ ऐन तरुणपणी स्कॉटलंडहून आला आणि जन्मभर त्या सुईपाशी बसला. सूर्यावर खळबळ झाली की सुई थरथरते, असं त्यानं लंडनला कळवलं. लंडनच्या विद्वानांनी टर उडवली, म्हणाले, तुझा एखादा नोकर खिशात चाकू घेऊन हिंडत असेल, नीट बघ. तेव्हापासून साहेबानं कुणावर भरवसा म्हणून ठेवला नाही. बायको कंटाळून मायदेशी गेली, मित्र तुटले. पुढं त्याचं म्हणणं खरं ठरलं, पण ते ऐकायला तो बिचारा उरला नव्हता. हंबीररावांची त्याच्यावर अशी भक्ती, की बसवनगुडीच्या घरात वडिलांच्या फोटोशेजारी साहेबाचा फोटो होता. दसऱ्याला त्यांची बायको मथुराबाई दोघांनाही सारखाच हार घालायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर थंडी पडली आणि रेघेला झटके येऊ लागले. तेही नेमके सकाळी, कल्लाप्पा झाडायला आत असतानाच. वरच्या ऑफिसातून फोन आला, असंच चाललं तर वेधशाळा बंद करावी लागेल. इकडे कुंपणाच्या भिंतीपलीकडे कॉम्प्युटरवाल्यांसाठी मोठी इमारत उठत होती आणि त्या बिल्डरचा डोळा वेधशाळेच्या जागेवर होता. त्यातच एका दुपारी कल्लाप्पा बिल्डरच्या सुपरवायझरबरोबर चहा पिताना दिसला. झालं! पाणी कुठं मुरतंय ते हंबीररावांना कळलं. संशयी माणसाला पुरावा लागतोच कशाला?

त्या सकाळी करदोटा तपासूनही रेघेला झटका आला. कल्लाप्पा रोजंदारीवरचा माणूस, त्याला काढायला एक वाक्य पुरलं.

"उद्यापासून येऊ नकोस."

"मी काय केलंय ओ?" कल्लाप्पाचा आवाज चढला. "रोज उघडा करून बगतासा. जुनी मानसं सांगायची, थॉर्नबीसाहेब माळ्याला म्हनायचा, आदी माजं खिसं बघ, मग तुजं. तुमचं कुनी बगितलंय काय कदी?"

"तोंड सांभाळून बोल," हंबीरराव म्हणाले. अंगाचा तिळपापड झाला होता त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच झाडू मारला. संध्याकाळी कागद धुऊन बघतात तो पुन्हा झटका! आत तर त्यांच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. कागद बदलायला ते रोज एकटे जात, पण तेवढा वेळ कागदच नसे, मग रेघ कुठून उमटणार?

घरी येताना त्यांनी ऑफिसातलं लहान होकायंत्र आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. त्याच्याजवळ चष्मा नेला, पट्टा नेला, चपला नेल्या. काटा ढिम्म. मग त्यांनी स्वेटर काढायला घेतला.

"अहो, गारठा केवढा आहे! स्वेटर राहू द्या," मथुराबाई घाईनं म्हणाल्या.

हंबीररावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि स्वेटर होकायंत्राजवळ धरला. काटा गर्रकन फिरला.

"काय आहे यात?"

"स्वल्प रागावू नका." मथुराबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ज्योतिषी भीमाचार्य म्हणाले, तुम्हाला साडेसाती लागलीय, घोड्याच्या नालेचा तुकडा अंगावर असू दे. अंगठी तुम्ही घातली नसती. म्हणून काठात शिवला."

"दारावर काय लिहिलंय, ठाऊक नव्हतं तुला?"

"ते कामाच्या माणसांना ना? तुमचं अंग कोण तपासणार? मला वाटलं, साहेबलोकांना चालत असेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! हंबीररावांना बायकोचा राग यायला हवा होता, पण आली ती लाज. काठ उसवून, तुकडा उकिरड्यावर टाकून गप्प बसता आलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता. हा विचारही त्यांच्या मनात आला, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. सकाळी त्यांनी वरच्या ऑफिसला फोन करून सांगितलं, चूक माझी होती. मग ते कल्लाप्पाला शोधायला निघाले.

फार लांब जावं लागलं नाही. कल्लाप्पा शेजारच्या बिल्डरच्या फाटकावर उभा होता. अंगात खाकी सदरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बघ, गेलाच की नाही तिकडे, असं हंबीररावांच्या मनात आलंच. जित्याची खोड! मग वाटलं, आपण हाकलल्यावर जाणार कुठं तो?

"कल्लाप्पा, लोखंड माझ्याच स्वेटरात होतं."

"गावलं न्हवं? बरं झालं."

"उद्यापासून परत ये. चुकलं माझं."

"नगो साहेब." आवाजात राग नव्हता. "हितं आत जाताना कोन अंग तपासत न्हाई."

हंबीरराव परत वळू लागले. कल्लाप्पानंच विचारलं, "सुई गप हाय न्हवं आता?"

"आहे. आत्तातरी आहे."

रस्त्यावर हॉर्न वाजला. लोखंडी सळ्यांनी भरलेली लॉरी फाटकाशी येऊन थांबली. "बाजूला व्हा साहेब, लागंल," म्हणत कल्लाप्पानं त्यांचा दंड धरून त्यांना कडेला घेतलं आणि फाटक सताड उघडलं. लॉरी खडखडत आत शिरली आणि वेधशाळेच्या भिंतीला लागून रिकामी होऊ लागली.